टोकाचं स्टूल
दर ऑक्टोबरात माझे वडील, अण्णा, नागपूरहून परदेशी माझ्याकडे, नेपरव्हिलला आले, की मी त्यांना दिवसभरासाठी ट्रेनने एखाद्या छोट्या गावी न्यायचो. उतरायचं आणि स्टेशनाजवळचा सगळ्यात जुना पब गाठायचा. तिथल्या झिजलेल्या लाकडी काउंटरवरून अण्णा हात फिरवत बसायचे. मागवायचो मात्र लेमोनेड. मी बिअर घेतो हे त्यांना ठाऊक होतं, ते घेतात हे मला. पण बापलेकांनी एकमेकांसमोर पिणं आमच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. शेवटच्या खेपेला अण्णाच वैतागले, "पुरे रे ते लेमोनेड. मागव दोन बिअर." ग्लास आले तसे ते टोकाच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले, मी शेजारी खिडकीकडे. पाठीला पाठ लावून आम्ही तासभर बोललो; आयुष्यात पहिल्यांदाच इतकं. अण्णांना जाऊन आता तीन वर्षं झाली. काल नोकरी लागल्याच्या आनंदात केया, माझी मुलगी, मला ट्रेनने मी सुचवलेल्या, अण्णांच्या शेवटच्या खेपेच्या त्याच पबमध्ये घेऊन गेली. दोन बिअर तिनेच मागवल्या आणि ग्लास उचलून म्हणाली, "चिअर्स, बाबा!" माझी मान आपसूक खिडकीकडे वळली. "आर यू अपसेट, बाबा?" "नाही गं," म्हटलं आणि तिला अण्णांचा तो दिवस सांगितला. त्यांचं स्टूलही दाखवलं. केया आपला ग्लास घेऊन उठली, टोकाच्या स्टुलावर जाऊन बसली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हं बाबा, आता बोल."