जागचा न हलणारा

आईला पन्नाशीत पहिली नोकरी लागली, घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. त्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "काकू, टॅबलेटच घ्या. ओट्यावर उभा केला की एकीकडे फोडणी, एकीकडे काम." बाबांना ते पटलं. आई मात्र अवजड डेस्कटॉपपाशी घुटमळत होती. "हा उचलून स्वयंपाकघरात नेता येतो?" "छे हो, एकदा मांडला की जागचा हलत नाही." "मग हाच द्या." बैठकीच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल रिकामं करून आम्ही तो मांडला. दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून त्याच्यासमोर बसली. ओट्यापाशी उभ्या बाबांनी हाक मारली, "अगं, मीठ कुठंय?" "ऑफिसातून आले की सांगते," आई मान न वळवता म्हणाली. दुपारी शेजारचे काका आले. "वहिनी आहेत?" दारातून आईची पाठ दिसत होती. बाबा छाती फुगवून म्हणाले, "ऑफिसात गेलीय. सहाला येईल."