तिसरं गाणं

विमानं पुन्हा सुरू झाली आणि वल्लरीने पुण्याचं तिकीट काढलं, एकटीचं. लॉकडाऊनमध्ये पाचव्या महिन्यातच पोटातलं बाळ गेलं, तेव्हापासून नवराबायकोत बोलणं असं उरलंच नव्हतं. अंबरीशने मात्र त्या काळात गाणी लिहिली, गिटारवर गावाकडच्या साध्या चाली बांधल्या आणि द हेगमधला स्टुडिओ उघडताच अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. तोंडाने जे सांगता आलं नाही, ते सगळं त्यात होतं. ती निघायच्या आदल्या दुपारी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "एकदा ऐक. मग जायचं तर जा."

द हेगजवळच्या झूटरमेर गावातल्या त्या लहानशा घरात, भरलेल्या बॅगेशेजारी बसून ती ऐकू लागली. तिसऱ्या गाण्यात एक बाई बाथरूममध्ये जाते, नळ मोठा सोडते आणि पाण्याच्या आवाजात आपलं रडणं लपवते. दाराबाहेर तिचा नवरा रोज नुसता उभा असतो.

वल्लरीच्या डोळ्यांना धार लागली. अंबरीशला वाटलं, पोचलं गाणं. आता ही थांबेल. त्याने हळूच विचारलं, "आवडलं?"

"तुला ऐकू यायचं?" ती म्हणाली. "मी आपली मनाची समजूत घालत होते, की बिचाऱ्याला कळतच नाहीये. तेवढ्याच आधारावर इतके दिवस तुझ्याजवळ राहिले रे."