पुढचं सांगू का?

माकणीच्या शिवारात सोयाबीन खुरपायला बायकांनी पिकाच्या ओळींची एकेक पात धरली, की कडूबाईची पात हटकून मागं राहायची. गुडघ्यांनी दावाच मांडला होता, आणि मुकादमीण दैवशाला तर तिला "उद्यापासून घरी बसा" म्हणायच्या बेतातच होती.

तेवढ्यात नातीनं मोबाईलवर ॲप टाकून दिलं, आणि संध्याकाळची मालिका कडूबाईला टीव्हीच्या एक दिवस आधीच दिसायला लागली. पहिल्या दिवशी तिनं जेवताना बांधावर हौसेनं सगळं सांगून टाकलं, तर बायका हातातली भाकर सोडून अंगावर आल्या. "आत्या, आमाला बघायला काय ठिवलं मग तुमी?"

कडूबाईच्या डोक्यात तिथंच लख्ख उजेड पडला.

आज दुपारी पुन्हा तिची पात मागं पडली. ती सावकाश उठली, कमरेवर हात ठेवले आणि हाळी दिली, "काल सुनंनं सासूला दुधाचा पेला दिला न्हवं? त्यात काय व्हतं, सांगू का गं?"

"नगं आत्या, पाया पडते तुमच्या!" म्हणत चौघीजणी खुरपी घेऊन धावल्या. सगळ्यांत पुढं दैवशाला. बघता बघता कडूबाईची पात बांधाला भिडली, आणि ती लिंबाच्या सावलीला पाय पसरून निवांत टेकली.



मोबाईलचा रिचार्ज संपून आठ दिवस झाले होते, आणि त्या पेल्यात काय होतं ते कळायला कडूबाईसुद्धा संध्याकाळचीच वाट बघत होती.