नवरीचा होकार

"गायी घेतल्या," ओबुया म्हणाला. "तीन. आणि एक बकरा."

म्वेन्देनं यादीत शोधलं. छप्पर होतं, बियाणं होतं, शाळेची फी होती, गायीही होत्या. दुधासाठी की विकायला, असा पुढचा प्रश्न होता. तिनं तो विचारला.

"बायकोसाठी," म्हातारा म्हणाला. "तिच्या माहेरी द्यायच्यात. उद्या."

म्वेन्देची संस्था गरीब घरांना पैसे थेट फोनवर पाठवायची आणि त्यांचं काय करायचं ते घेणाऱ्यानं ठरवायचं, असा नियम होता. म्वेन्देनं फक्त विचारायचं, लिहायचं आणि उठायचं. मागच्या महिन्यात एकानं त्या पैशांचा लाउडस्पीकर आणला, तेही तिनं मुकाट्यानं लिहिलं होतं. पण ह्या घरात बसल्या जागेवरून छपराच्या गवतातून आभाळ दिसत होतं. फॉर्मवर ओबुयाचं वय एकाहत्तर होतं आणि पुढे 'विधुर' असं लिहिलेलं होतं.

"किती वर्षांची आहे ती?" हा प्रश्न यादीत नव्हता.

"सव्वीस."

"आणि तुम्ही एकाहत्तर."

"मी झालो म्हातारा, पोरी. ती कुठं झाली?"

त्याला खोकल्याची उबळ आली. भिंत धरून तो उभा राहिला आणि दम परत आल्यावर म्हणाला, की तिला घरी आणल्याशिवाय त्याला मरायचं नाही. म्वेन्देला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जास्त होता.

बाहेर त्याची सून पेरेस दाराच्या डाव्या हाताची जमीन खणून सारखी करत होती. तिचा नवरा सरोवरावर मासेमारीला असायचा. दोन लेकरं ह्याच गळक्या छपराखाली झोपायची. निदान ही तरी बोलेल, असं म्वेन्देला वाटलं होतं. तिनं छपराचा विषय काढला.

"ते पुढच्या वर्षी बघू," पेरेस म्हणाली. "आधी त्यांना येऊ देत. आमच्यात गायी दिल्याशिवाय बाई सासरची होत नाही, मॅडम. काही झालं तरी होत नाही."

सव्वीस वर्षांच्या सासूला ही आत्तापासून 'त्या' म्हणत होती. गरीब घरातल्या सुनेनं दुसरं काय म्हणायचं!

म्वेन्दे त्या भागातली नव्हती. तिचं गाव दूर पूर्वेला, माचाकोसकडे. तिच्या धाकट्या बहिणीला एकोणिसाव्या वर्षी एका विधुर दुकानदाराच्या घरी दिलं, तेव्हा घरात सगळे खुशीत होते. बहिणीला कोणी विचारलं नाही. म्वेन्देनंही विचारलं नाही, आणि ते तिला आजही सलतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तिला सुट्टी होती. मी येऊ का, असं तिनं ओबुयाला विचारलं. त्या मुलीला एकटीला गाठायचं आणि तिची मर्जी विचारायची, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं नाही म्हटलं, तर पुढचं पुढे.

"ये की," ओबुया म्हणाला. "साक्षीला माणूस हवंच."

सकाळी निघाले. गायी दोन शेजारी हाकत होते. ओबुयानं मुलाचा कोट चढवला होता, तो त्याला खांद्यावरून घसरत होता. दर चढाला तो बसायचा. वाटेत बाजारच्या बायकांनी त्याला सोडलं नाही.

"काय नवरदेव, दात कुठं ठेवले?"

"सासरी राहिलेत. तेच आणायला चाललोय," तो म्हणाला, आणि सगळ्या हसल्या. एक म्हातारी तेवढी हसली नाही. तिनं पुढे होऊन त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

नवरीकडे ओगादा नावाचा पांढऱ्या केसांचा माणूस पुढे आला. तो बाप असावा असं म्वेन्देला वाटलं, पण तो भाऊ निघाला. बापाला तीन-चार बायका असल्या की असं असतं. ओगादानं गायींभोवती फेरी मारली, शिंगं पाहिली, पाठीवरून हात फिरवला. ओबुया कोटाचं बटण पिळत उभा होता. हे लोक नाही म्हणाले तर तो तिथंच कोसळेल, असं त्याच्याकडे पाहून वाटत होतं.

"ही रोड आहे," ओगादा अखेर म्हणाला.

"माझ्यापेक्षा बरी आहे."

ओगादा हसला नाही. पण त्यानं गायींची दोरी हातात घेतली आणि म्हणाला, "फार उशीर केलास, भावजी."

बायकांनी किलकाऱ्या मारल्या. कोंबडी आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाढली गेली. ओबुया पुढ्यात ताट घेऊन बसला होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो त्या पुसतही नव्हता. एवढ्या गडबडीत नवरी मात्र कुठंच दिसेना. तिला कोंडून ठेवलं असणार, असं म्वेन्देच्या मनानं घेतलं. ती हात धुऊन ओगादासमोर जाऊन उभी राहिली.

"मला नवरीशी बोलायचंय. एकटीशी. तिची मर्जी आहे का, ते तिच्याच तोंडून ऐकायचंय."

ओगादानं तिच्याकडे पाहिलं, मग ओबुयाकडे.

"ह्यानं तुला सांगितलं नाही?"

"काय?"

त्यानं तिला मागे यायची खूण केली. काठी घेतली आणि चालू लागला. अंगणात त्याच्या आईबापांची थडगी होती, चांगली सिमेंटनं बांधलेली. त्यांना वळसा घालून तो झाडोऱ्याच्या कुंपणापाशी गेला. तिथल्या फटीतून वाकून दोघं बाहेर आली. बाहेर कोणाचं घर नव्हतं. काटेरी झुडपं होती आणि त्यांच्यामध्ये गवत माजलेला मातीचा एक बुटका उंचवटा.

"बाळंतपणाला आली होती, त्यातच गेली," ओगादा म्हणाला. "ह्यानं गायी दिलेल्या नव्हत्या, तेव्हा ह्याच्या अंगणात नेता येईना. आणि लेक नांदायला गेलेली, म्हणून आमच्या कुंपणातही ठेवता येईना. एकतीस वर्षं झाली."

त्यानं काठीनं गवत बाजूला सारलं आणि खाली वाकला.

"अविनो, ही पोर विचारतेय, ओबुयाकडे जायचंय का तुला?"