दुसरी हाक

बसमधून उतरलेल्या पाहुण्यांत आपला जावई कोणता, हे वाटाड्या तोकुजीनं बुटांच्या नाड्या आवळता आवळताच ठरवून टाकलं.

टोकियोच्या दोन मैत्रिणी, एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, तैवानचं एक जोडपं, आणि बाजूला एकटाच उभा असलेला तो. तिशीचा, उन्हानं रापलेला, टोपी हातात धरून. ओकिनावाच्या उन्हाशिवाय असा रंग चढतो कुठं? सहलीच्या ऑफिसनं आठजण कळवले होते, आले सातच. शहरातली माणसं, ढग दिसला की बेत रद्द. तोकुजी कुणासाठी खोळंबून राहत नसे. त्यानं पाठीला टोपली लावली आणि चालायला लागला.

काल जेवताना बायकोच्या, योशिनोच्या, तोंडून निघून गेलं होतं. जावई उद्या येतोय. पाहुण्यांत मिसळून तुमच्याबरोबर डोंगर चढणार, आणि मग स्वतःच विषय काढणार. तोवर तुम्ही काही विचारायचं नाही, तुमच्या जिभेचा मला भरवसा नाही.

तोकुजीनं वाद घातला नाही, कारण जिभेनंच सगळं घालवलं होतं. एकुलती एक लेक, कोहारु. चार वर्षांपूर्वी तिनं पार दक्षिणेच्या ओकिनावा बेटावरच्या हिगा नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा तो नको ते बोलला. लग्नाला गेला नाही. लग्नाचा फोटो आला, तोही त्यानं पाहिला नाही. योशिनोनं एकटीनं पाहिला. आता कोहारुला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही इथली रीत, आणि पोरीला यायचंही होतं. पण ज्या घरात नवऱ्याचं नाव घेत नाहीत त्या घरात पाय कसा ठेवायचा? म्हणून नवराच विचारायला निघाला होता.

चार वर्षं ताठ राहून त्याचीच मान अवघडली होती. लेकीची आठवण रोज यायची, पण नमतं घ्यायला काही निमित्त तर हवं.

बीच झाडांचं रान पिवळंधमक झालं होतं. ओंडक्यांवरची कोणती अळंबी खुडायची आणि कोणती नाही, ते त्यानं दाखवलं. मग नेहमीचा नियम सांगितला. डोंगरात हाक मारायची ती दोनदा. माणूस दोनदा हाक मारतो. एकदाच येते ती हाक माणसाची नसते, तिला ओ द्यायची नाही. ओ दिली की ती माणसाला ओढून नेते. मास्तर मिशीत हसले. तैवानच्या बाईंनी नवऱ्याकडून पुन्हा समजावून घेतलं. तोकुजी मात्र हसला नाही. त्याचा चुलता असाच गेला, असं आईनं त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

रापलेला गडी कामाचा निघाला. ओढ्यावर त्यानं मास्तरांच्या बायकोला हात दिला, अळंबी मुळापासून न उपटता कापून घेतली. तोकुजीनं योशिनोनं बांधून दिलेला आपला भाताचा गोळा त्याच्यापुढं धरला. पोरानं दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला. आता बोलेल, तोकुजीला वाटलं. पण तो नुसताच डोंगराकडं बघत बसला. लाजतोय बिचारा. मीच मागे नको ते बोलून ठेवलंय म्हटल्यावर लाजणारच.

खिंड ओलांडली आणि धुकं उतरलं. डाव्या हाताला दरी. तोकुजीनं सगळ्यांना एकामागे एक घेतलं आणि पुढच्याची पाठ सोडू नका म्हणून बजावलं.

तेवढ्यात हाक आली. मागून, दरीच्या बाजूनं. “ओऽऽय!”

एका मैत्रिणीनं तोंडापाशी हात नेले. तोकुजीनं तिचं मनगट धरलं.

“ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक येईल.”

सगळे श्वास धरून उभे राहिले. पानांवरून पाणी ठिबकत होतं. पुन्हा हाक आली नाही.

“मला तर माणसाचाच आवाज वाटला,” रापलेला पोरगा हळूच म्हणाला.

“सगळ्यांना तसंच वाटतं. शिकशील हळूहळू.”

हे शेवटचं तोकुजी इतकं मायेनं बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आपण याला शिकवायचं, पुढं याच्या लेकराला शिकवायचं. उतरणीला लागल्यावर पाहुणे त्या हाकेबद्दलच बोलत होते. अंगावर काटा आला, पैसे वसूल झाले, असं मैत्रिणी म्हणाल्या.

पायथ्याच्या खोपटात योशिनोनं कढई चढवली होती. भात, कोंबडी, आताच खुडलेली अळंबी. पाहुणे चुलीभोवती टेकले. तोकुजी पोराला दाराशी घेऊन गेला. सकाळपासून मनात जुळवलेलं सगळं ऐनवेळी विसरून गेला.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “कोहारुला म्हणावं, बाळंतपणाला इकडंच ये. थंडी पडायच्या आत तिची खोली नीट करून ठेवतो. आणि तूही ये. लाजू नको.”

त्याचे डोळे भरून आले होते. पोरगा गोंधळून एक पाऊल मागं सरला.

“आजोबा, तुमचा काहीतरी घोळ होतोय. माझं लग्न नाही झालेलं. मी नागोयाचा, छपरं शाकारतो.”

तेवढ्यात योशिनो वाढायचा डाव हातात घेऊनच बाहेर आली. आत बसलेल्यांकडं आणि मग या पोराकडं पाहून ती नवऱ्याच्या मागं पायवाटेकडं वाकून बघू लागली. खूप दिवसांनी तिचा चेहरा हसरा दिसत होता.

“अहो, जावई कुठं राहिले? कोहारुचा मघाशी फोन होता. त्यांची बस चुकली, मागून येणाऱ्या गाडीनं आले, तुमच्याच मागं चढतायत. खिंडीतून तिच्याशी बोलले. म्हणाले, धुक्यात दिसत काही नाही, पण पुढं तुझे बाबा बोलताना ऐकू येतायत, एक हाक मारली की थांबतील.”