खाली काय आहे?

“साडेतीन टन!” चाकाचं वजन आणि वेग मांडून कारखाना बघायला आलेल्या शाळेच्या मुलांनी तिथल्या हातप्रेसचा जोर काढला. त्यांना घेऊन आलेल्या निवृत्त खांबेटे सरांनी कौतुकानं मान डोलावली.

प्रेस चालवणारी बाई हसली. “सर, खाली काय ठेवलंय ते आधी विचारा की!” तिनं चाक फिरवून शिशाचा तुकडा दाबला, तो दबत दबत चपटा झाला. मग तेवढंच फिरवून पितळेचा दाबला, तेव्हा चाक खाणकन थांबलं. “चाक जेवढ्या थोड्या अंतरात थांबेल, तेवढा जोर जास्त. एकच आकडा कसा निघेल?”

“मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” एका मुलीनं विचारलं.

“तुमच्याच सरांनी, नववीत,” ती मान वर न करता म्हणाली.

आता सरांनी तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “नाही गं, बाळ,” ते त्या मुलीला म्हणाले. “हातोड्याचा जोर काढायच्या गणितात ह्या शेवंतानं हेच विचारलं होतं, ‘खाली काय आहे?’ उलट बोलते म्हणून मी तिला वर्गाबाहेर काढलं. ती शाळेत परत आलीच नाही.”

“शेवंता, पुन्हा एकदा सांग,” म्हणत सर खाली मान घालून मुलांच्या मागे जाऊन उभे राहिले.