घंटीखालचा थर

मार्च २००९. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सालेकसा तालुक्यातल्या एका चुनखडीच्या खदानीत नागपूरहून आलेल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाण्याचा माठ बाजूला सरकवला आणि त्याखालचा दगड बाहेर ओढला. आडव्या कापलेल्या कांद्यासारखी त्यावर वर्तुळं होती, एकात एक.

"हा कोणी आणला?"

"मीच जी. माठ हालत होता," पार्वताबाई म्हणाली. एकोणीस वर्षं ती इथे दगड फोडत होती.

"हे कधीकाळी जिवंत होतं. इथे समुद्र होता, तेव्हाचं."

"मंग मासे काऊन नाही निघत, साहब?" मुकादम घनश्याम हसला.

"माशांच्याही फार आधीचं आहे." प्राध्यापक दगडाच्या कडा बोटांनी चाचपत होते. "याला माती चिकटली असेल ना?"

"होती. राखेनं घासून काढली. पाण्याच्या माठाखाली मातकट दगड ठेवतेत का जी?"

प्राध्यापकांनी दगड उलटा करून पाहिला. त्या मातीवरून थर कळला असता. थर माहीत नसेल तर हा दगड नुसता शोभेचा, ते म्हणाले. मग त्यांनी पेन काढलं. "कुठून निघाला, आठवतं?"

तिला चांगलं आठवत होतं. हातोडा मारला की खणखणणाऱ्या थराला खदानीतली माणसं घंटी म्हणत. त्याच्या खाली वीतभर जाडीचा राखाडी पट्टा, पूर्वेच्या भिंतीत. त्याच भिंतीत सकाळपासून अकरा भोकांत बारूद भरून झाली होती. बाराला सुरुंग उडणार होता; दगड याच भिंतीतला आहे हे कळलं तर प्राध्यापक तो थांबवायला सांगणार. उडाला तर चौदा माणसांना पावसाळ्यापर्यंत काम. थांबला तर उद्यापासून सगळे घरी.

"मलबे में से उठाया होगा, साहब," घनश्याम म्हणाला आणि पार्वताबाईकडे रोखून बघत राहिला. "सांग ना बाई. ढिगाऱ्यातलाच होता ना?"

पलीकडे पुतणसून रचना घमेलं खाली ठेवून उभी होती. तिला कामावर लागून तीनच महिने झाले होते.

हो म्हणणं सोपं होतं. खोटं पकडणारी माती पार्वताबाईनं स्वतःच धुऊन टाकली होती.

प्राध्यापकांचं पेन कागदावर टेकलं होतं.

"ढिगाऱ्यातला नाही," ती म्हणाली. "घंटीखालचा हाये. माह्याच हातानं फोडला. चला, दाखवतो."

भिंतीपाशी जाऊन तिनं राखाडी पट्ट्यावर तळहात ठेवला. तिथेही तीच वर्तुळं होती, दहा-बारा हात लांबपर्यंत पसरलेली. प्राध्यापक गुडघ्यांवर बसले. घनश्यामनं सुरुंगवाल्याला हात दाखवून थांबवलं आणि मालकाला गोंदियाला फोन लावला. मालक मीटिंगमध्ये होते. विचारून सांगतो, असं पलीकडून कोणीतरी म्हणालं.

दुपारी सगळे मोहाच्या झाडाखाली जेवायला बसले. पार्वताबाईच्या शेजारी कोणी बसलं नाही. "आता समुद्रच खाऊ घाल आमाले," दगड फोडणाऱ्यांतला कवडू मोठ्यानं म्हणाला. दोघंतिघं हसले.

पाच वाजता रचना जवळ आली. "मोठी माय, उद्याचा डब्बा बनवू का नको?"

साडेपाचपर्यंत मालकांचा फोन आलेला नव्हता.